ट्रॉली जोडण्याआधी

दसरा झाला की मानवतकडं येणारे रस्ते पांढरे व्हायला लागतात. कोल्हा, ताडबोरगाव, केकरजवळा या बाजूंनी पहाटेच कापसाच्या ट्रॉल्या निघतात, कारण बीट सुरू व्हायच्या आत बाजार समितीच्या आवारात नंबर लागला पाहिजे. पाठोपाठ उसाचा हंगाम येतो आणि त्याच रस्त्यांवर एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर, पावसाळ्यापूर्वी शेणखत, मधल्या काळात विटा, मुरूम, कडबा. आपल्याकडचा ट्रॅक्टर वर्षातले जितके तास नांगर धरतो, त्याहून जास्त तास तो काहीतरी मागं ओढत असतो. नांगरट शिकवायला घरातलं मोठं माणूस बांधावर उभं राहतं. ट्रॉली ओढायला मात्र कुणी शिकवत नाही. पोरगं ट्रॅक्टर चालवायला लागलं की त्याला ट्रॉलीही येते, असं आपण धरून चालतो.

ते खरं नाही. मागं वजन जोडलं की ट्रॅक्टर ही वेगळीच गाडी होते. ट्रॅक्टरच काय, जीप किंवा मोटारीला छोटा ट्रेलर जोडला तरी तेच होतं. हा लेख मुख्यतः ट्रॅक्टर-ट्रॉलीवाल्यांसाठी आहे, पण बोलेरो-स्कॉर्पिओच्या मागं काही ओढणाऱ्यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल. त्यांच्यासाठी पुढं वेगळंही लिहिलं आहे.

सगळ्यात आधी थांबण्याचं बोलू. ट्रॅक्टर घेताना आपण अश्वशक्ती विचारतो: पंचेचाळीस आहे का पन्नास, किती टन ओढतो. किती टन थांबवतो, हे विचारलेलं मी अजून ऐकलं नाही. साधा हिशेब करून बघा. ट्रॅक्टर दोन टनांचा आणि मालासकट ट्रॉली आठ टनांची धरा. उसाच्या हंगामात हे वजन जास्त नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक मागच्या दोनच चाकांना असतात आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे दहा टनांचा जोर थांबवायचं काम त्या दोन चाकांवर येतं. कोरड्या डांबरावर त्या चाकांची पकड फार तर ट्रॅक्टरच्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास धरा. समोर म्हैस आडवी आली, ती दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद गेला. आता ताशी २० किलोमीटरने चालला असाल तर ट्रॅक्टर साधारण १८-१९ मीटरवर थांबेल. ताशी ३० ला हे अंतर ३७ मीटरच्या आसपास जातं. ताशी ४० ला ६० मीटरच्या वर. हाच ट्रॅक्टर ट्रॉलीशिवाय ताशी ३० ने चालला असता तर १४-१५ मीटरमध्ये उभा राहिला असता. वेग दुप्पट केला की थांबायचं अंतर तिपटीच्याही पुढं गेलं, हे लक्षात घ्या. पहाटेच्या दवानं रस्ता ओला असेल, किंवा शेतातून आलेल्या टायरांची काळी माती डांबरावर सांडलेली असेल, तर हे आकडेही विसरा.

युरोपात आणि ब्रिटनमध्ये मोटारीमागच्या ट्रेलरचं एकूण वजन ७५० किलोच्या वर गेलं की त्याला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. आपली रिकामी ट्रॉलीसुद्धा याच्या दुपटीपेक्षा कमी नसते. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की नवी ट्रॉली बनवून घेणार असाल तर ब्रेकची ट्रॉली बनवा. काही ट्रॅक्टरना ट्रॉलीच्या ब्रेकसाठी हायड्रॉलिकची जोडणी मिळते. ट्रॅक्टर घेतानाच ती मागा. सजावटीवर, मोठ्या टेपवर आणि रंगीत दिव्यांवर आपण जो खर्च करतो, त्यातला काही भाग इकडं वळवला तरी पुरे. ट्रॉली जुनी आहे आणि ब्रेक नाहीत, तर भरलेल्या ट्रॉलीला डांबरी रस्त्यावर ताशी २० हाच वेग ठेवा. मानवतला पोचायला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

ब्रेकचीच आणखी एक गोष्ट आहे आणि ती फुकट आहे. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात तासाच्या टोकाला वळायला ते कामी येतात. दोन्ही पॅडल एकत्र जोडायला एक पट्टी दिलेली असते. शेतातून रस्त्यावर चढण्याआधी ती पट्टी लावा. न लावता जोरात ब्रेक मारला आणि पाय एकाच पॅडलवर पडला, तर एक चाक धरतं, दुसरं पळतं आणि मागची ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं ढकलून देते. किती ट्रॅक्टरांची ही पट्टी गंजून एका बाजूला लोंबत असते ते तुम्हीच बाजाराच्या आवारात फिरून बघा.

आता भरणं. इथं आपल्या जुन्या बैलगाडीवाल्यांकडं जो शब्द होता तो फार कामाचा आहे. गाडीत मागं वजन जास्त झालं, जू वर उचललं जाऊन बैलांच्या गळ्याला पट्टा आवळायला लागला की म्हातारी माणसं म्हणायची, गाडी उलाळ झाली. पुढं वजन जास्त झालं तर बैलांच्या मानेवर ओझं यायचं, तेही चालायचं नाही. म्हणून गाडी भरली की धुरेखाली हात घालून जू जरा उचलून बघायची रीत होती. थोडं जड लागलं पाहिजे, पण एका माणसाला उचललं गेलं पाहिजे. बैल बोलू शकत नव्हता, म्हणून माणूस त्याच्या मानेचा विचार करायचा. ट्रॅक्टरला मान नाही, म्हणून आपण तो विचार सोडून दिला. पण हिशेब तोच आहे.

ट्रॉलीच्या एकूण वजनातलं साधारण दहा ते पंधरा टक्के वजन ट्रॅक्टरच्या हुकावर यायला हवं. त्यापेक्षा कमी आलं, म्हणजे ट्रॉली उलाळ झाली, तर ती ट्रॅक्टरची मागची बाजू वर उचलायला बघते. मागच्या चाकांची पकड जाते, आणि ब्रेक त्याच चाकांना आहेत. शिवाय उलाळ ट्रॉली वेग वाढला की शेपटीसारखी डावी-उजवी हलायला लागते. एकदा हे हेलकावे सुरू झाले की घाबरून ब्रेक मारू नका, वळवून सावरायलाही जाऊ नका. स्टीअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपसूक उतरू द्या. उलट वजन फार पुढं आलं तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, पुढची चाकं जमिनीला नुसती टेकलेली राहतात आणि स्टीअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. चढावर तर तोंड सरळ उचललंच जातं. रस्त्यावर चढायच्या आधी मोकळ्या जागेत एक वळण घेऊन बघा. स्टीअरिंग नेहमीपेक्षा हलकं लागलं तर खाली उतरा आणि माल मागं सरकवा.

कापूस सगळीकडं सारखा दाबला जातो, त्यामुळं त्याचं वजन साधारण सारखं बसतं. घोटाळा होतो तो सोयाबीन, तूर, हरभरा, खत आणि सिमेंटच्या पोत्यांचा. पोती मागच्या फाळक्यातून चढवतात, आणि हमालाला दोन पावलं कमी पडावीत म्हणून मागंच रचली जातात. आपण स्वतः उभं राहून पहिला थर आसावर आणि त्याच्या जरा पुढं लावून घ्यावा. जड माल खाली, हलका वर. डाव्या-उजव्या बाजूला सारखा. आणि ट्रॅक्टर सोडून नुसत्या स्टँडवर उभ्या केलेल्या ट्रॉलीत माल भरू नका, उतरवूही नका. तसं करावंच लागलं तर भरताना सुरुवात पुढून करा आणि उतरवताना मागून करा. उलटं केलं की ट्रॉलीची दांडी गुलेलीसारखी वर येते. त्या वेळी दांडीजवळ कुणी सावलीला बसलेलं असेल तर काय होईल, ते सांगायला नको.

हुक, पिन आणि क्लिप हा सगळ्यात छोटा भाग, पण माझ्या मनावर सगळ्यात खोल तोच कोरला गेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमची ट्रॉली कालव्याच्या पुलाच्या चढावर सुटली. पिन होती, पिनीची खालची क्लिप नव्हती. आदल्या दिवशी कुणीतरी घाईत काढली आणि तिच्या जागी सुतळी बांधली. खड्ड्यात आदळून सुतळी तुटली, पिन उसळली आणि सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली मागं मागं जात बाभळीला अडली. त्या बाभळीच्या पलीकडं रस्त्याच्या कडेला बाया कापूस वेचून बसल्या होत्या. बाभूळ नसती तर, या विचारानं मला पुढं कित्येक रात्री झोप लागली नव्हती. ज्यानं सुतळी बांधली त्याला मी काही बोललो नाही, कारण सकाळी ट्रॅक्टर मी काढला होता आणि हुकाकडं मी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. ट्रॉली जोडली की मी स्वतः खाली वाकतो. पिन मूळ मापाचीच हवी. सळईचा तुकडा, जुना बोल्ट, मोडक्या अवजाराचा दांडा यातलं काही पिन म्हणून चालत नाही. पिनीखाली क्लिप हवी, आणि खिशात किंवा टूलबॉक्समध्ये दोन जादा क्लिपा हव्यात, कारण त्या हरवतातच. ट्रॉलीच्या दांडीचं भोक गोल आहे का लांबट झालंय ते बघा. लांबट झालं असेल तर ते दर ब्रेकला, दर गचक्याला पिनीवर घणासारखं आदळतं. वेल्डिंगवाल्याकडं जाऊन ते भरून घ्या. आणि दांडीपासून ट्रॅक्टरच्या चासीपर्यंत एक जाड साखळी लावा. दोन साखळ्या असतील तर दांडीखालून एकमेकींना छेद देऊन बांधा. पिन निसटली तर दांडी त्या फुलीवर पडते, जमिनीत घुसत नाही. साखळी इतकी ढिली हवी की वळताना ताणणार नाही, आणि इतकी आखूडही की रस्त्याला घासणार नाही.

ट्रॉलीच्या चाकांचं सांगायचं तर हंगाम सुरू व्हायच्या आधी हब उघडून बेअरिंग धुऊन ग्रीस भरा, पाट्यांचे यू-बोल्ट आवळा, चाकांचे नट बघा. ट्रॅक्टरचे जुने झालेले टायर ट्रॉलीला चढवायची आपल्याकडं पद्धत आहे, पण ट्रॉलीचा टायर फुटला तर ती तुम्हाला ओढत नेईल तिकडं जावं लागतं.

काळ्या मातीची एक गोष्ट स्वतंत्र लिहिली पाहिजे. परतीचा पाऊस झाला, कापूस वेचून ट्रॉलीत भरला आणि ट्रॉली वावरातच रुतली, हे मानवत तालुक्यात दर वर्षी होतं. रुतलेली ट्रॉली काढायला दुसरा ट्रॅक्टर आणला जातो, साखळी बांधली जाते, आणि इथंच माणसं जातात. साखळी किंवा दोर ट्रॅक्टरच्या ड्रॉबारलाच बांधा, म्हणजे मागच्या आसाच्या खाली. आसाच्या वर, सीटच्या मागं, टॉप लिंकच्या जागी बांधली तर ट्रॅक्टर मागची चाकं न फिरवता स्वतःच त्या आसाभोवती फिरतो. तोंड वर जातं आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर पाठीमागं उलटतो. हे इतक्या लवकर होतं की क्लच दाबायला वेळ मिळत नाही. ट्रॅक्टर लहान गिअरमध्ये घाला, क्लच हळू सोडा, झटका देऊ नका. तोंड उचललं जातंय असं जरासं जरी वाटलं तर थांबा. त्याहून बरं म्हणजे अर्धा माल उतरवा. दोन तास जातील. चाकांखाली पऱ्हाट्या टाका, शक्य असेल तर आल्या वाटेनं मागं काढा. साखळी ताणलेली असताना तिच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका, कारण तुटलेली साखळी माणसाला ओळखत नाही.

उताराचं एकच सांगतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेनं आणि पुलांवरून जाणारे रस्ते उंच आहेत, अरुंद आहेत, आणि दोन्ही बाजूंना उतार आहे. उतार सुरू व्हायच्या आधीच लहान गिअर टाका. उतारावर क्लच दाबू नका, न्यूट्रल तर मुळीच नको. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल टाकणारे आहेत. भरल्या ट्रॉलीचा उतारावर वाढलेला वेग ब्रेकनं परत आणता येत नाही, इंजिनच तिला धरून ठेवतं.

कापसाच्या ट्रॉलीला दोन धोके आणखी आहेत. एक तारांचा. दोन्ही बाजूंना जाळी किंवा फळ्या लावून कापूस इतका उंच भरला जातो की गावातल्या लोंबलेल्या तारेला तो सहज टेकतो. ट्रॉलीवर दाबायला उभा असलेला माणूस तर आधी टेकतो. भरायची जागा तारेखाली निवडू नका, आणि ज्या रस्त्यानं जायचंय त्या रस्त्यावर कुठं तार खाली आली आहे ते आदल्या दिवशी बघून ठेवा. तार लोंबत असेल तर वीज कंपनीच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. दुसरा धोका विस्तवाचा. ट्रॉलीच्या मागच्या दिव्याची वायर कुठं सोललेली असेल, कुणी विडी ओढत कापसावर बसलं असेल, किंवा सायलेन्सरमधून ठिणगी उडाली, तर वर्षाची कमाई दहा मिनिटांत राख होते. वायर नळीतून न्या, सायलेन्सरच्या बाजूचा कापूस ताडपत्रीनं झाका, आणि पाण्याचा एक कॅन सीटजवळ ठेवा. आग लागलीच तर पिन काढून ट्रॅक्टर पुढं घ्यायचा, ट्रॉली वाचवायला धावायचं नाही.

टँकरचं थोडक्यात. अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आतलं पाणी दर ब्रेकला पुढं आणि दर वळणाला बाजूला धावतं. आत आडवे पडदे असलेलाच टँकर घ्या. नसतील तर एक तर पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामा करा.

माणसं ट्रॉलीत बसवण्याबद्दल मला आता कुणाची समजूत काढायची नाही, फक्त आठवण करून द्यायची आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर बायांना घेऊन जाणारी ट्रॉली विहिरीत पडली आणि सात जणी गेल्या. त्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या होत्या, म्हणजे आपल्या शेजारच्या. त्या दिवशी त्या रोजच्यासारख्याच कामाला निघाल्या होत्या. वऱ्हाड असो, दिंडी असो, गणपती असो की वेचणीच्या बाया, ट्रॉलीला ना सीट आहे ना पट्टा, आणि ती उलटली तर आतल्या माणसाला धरायला काही नाही. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलेल्या माणसाचंही तेच. विमा कंपन्या अशा माणसाची भरपाई नाकारतात आणि मग वर्षानुवर्षं कोर्टात चकरा माराव्या लागतात. मजुरांना न्यायला रिक्षा किंवा जीप करावी, चार पैसे जास्त गेले तरी.

विम्याचा विषय निघालाच आहे तर कागदांचंही सांगतो. मोटार वाहन कायद्यानं ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी, विमा वेगळा. नुसत्या ट्रॅक्टरचा विमा आहे आणि ट्रॉलीचा नाही, अशी स्थिती असेल तर अपघातानंतर घर-जमिनीवर येऊ शकतं. ट्रॉलीवर तिचा नंबर हवा, आणि सगळ्यात मागच्या ट्रॉलीवर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचाही एमएच २२ चा नंबर दिसला पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये आहे. ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदवला असेल आणि भाड्यानं विटा-मुरूम वाहत असाल, तर तोही विम्यात प्रश्न उभा करतो. हे एजंटाला विचारू नका, पॉलिसीचा कागद स्वतः वाचा.

उसाच्या जोडट्रॉल्यांबद्दल लोक ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देतात. मला पूर्ण दोष त्याचा वाटत नाही. त्यानं उचल घेतलेली असते, पैसे टनावर मिळतात, आणि कारखान्याच्या गव्हाणीवर रांगेत रात्र काढून तो झोपेनं डुलत पुन्हा फडात येतो. टनावर पैसे देणाऱ्या व्यवस्थेत जादा भार हा अपघातानं भरला जात नाही, तो ठरवूनच भरला जातो. कारखान्यांनी वजनकाट्यावर जादा भाराची ट्रॉली घ्यायची नाही असं एका हंगामापुरतं जरी ठरवलं तरी रस्त्यावरचं चित्र बदलेल. तोवर जोडट्रॉली चालवणाऱ्यानं एवढं करावं: जड ट्रॉली पुढं, हलकी मागं. वळताना मागची ट्रॉली आतल्या बाजूनं कापत येते, तेव्हा वळण बाहेरून मोठं घ्या. आणि टेपचा आवाज इतकाच ठेवा की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल.

आता जीप आणि मोटारवाले. हल्ली आपल्याकडंही स्कॉर्पिओ, बोलेरोच्या मागं छोटा ट्रेलर दिसतो. जनरेटर, फवारणीचा टँक, मंडपाचं सामान, पुराच्या दिवसांत कधी बचावाची बोट. पहिली गोष्ट, गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याचं वजन दिलेलं नसेल तर त्या गाडीला काही जोडू नका. पुढच्या बंपरचा हुक बंद पडलेली गाडी काढण्यासाठी असतो, त्यावर ट्रेलरचा विचार करू नका. बंद पडलेली गाडी दोरानं ओढताना दोन गाड्यांतलं अंतर नियमानं ५ मीटरच्या आत हवं, वेग अगदी कमी, आणि दोराला लाल कापड बांधलेलं असावं. ज्यांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत त्यांना माहीत असेल, तिकडं मोटारीमागं बोट ओढणं हे सुट्टीतलं रोजचं काम आहे. टोयोटा हायलँडर किंवा चारही चाकांनी चालणारी होंडा पायलट यांसारख्या मधल्या आकाराच्या गाड्यांना पेट्रोलच्या इंजिनात ५००० पौंड, म्हणजे साधारण २२७० किलो ओढण्याची मुभा असते. पण त्यात बोट, ट्रेलर, बोटीतलं इंधन आणि सामान असं सगळं आलं. तिथंही हुकावर दहा ते पंधरा टक्के वजन हाच नियम आहे, आणि उलाळ झालेली बोट महामार्गावर तशीच शेपटी हलवते. बोट पाण्यात सोडताना धक्क्यावर गाडीच्या मागच्या चाकांमागं ओंडके लावा, हँडब्रेक ओढा, ट्रेलरच्या दिव्यांची वायर आधी काढा आणि बोटीच्या बुडाची बुचं घट्ट आहेत का ते बघा. गोदावरीच्या काठी बचावाची बोट उतरवतानाही हेच. काठावरची गाळाची जमीन वरून घट्ट दिसते आणि चाक खाली घेते.

मागं घेणं सगळ्यांनाच अवघड जातं, ट्रॅक्टरवाल्याला आणि मोटारवाल्यालाही. एक युक्ती आहे. हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रॉलीचं बूड डावीकडं न्यायचंय, हात डावीकडं न्या. उजवीकडं, हात उजवीकडं. फार वळली तर पुढं घ्या, सरळ करा, पुन्हा मागं. मागं एक माणूस उभा करा जो तुम्हाला आरशात दिसेल, आणि तो दिसेनासा झाला की थांबा. हंगाम नसताना बाजार समितीच्या रिकाम्या आवारात किंवा खळ्यावर घरातल्या पोरांकडून हे अर्धा दिवस करून घ्या.

शेवटी रात्रीचं. कल्याणहून नगर, पाथरीमार्गे मानवत, परभणी, नांदेडहून पुढं निर्मलकडं जाणारा आपला हा राष्ट्रीय महामार्ग ६१ आता रुंद झाला आहे आणि त्यावरच्या गाड्यांचा वेग वाढला आहे. ताशी ८० ने येणाऱ्या माणसाला ताशी १५ ने चाललेली, दिवे नसलेली उसाची ट्रॉली दिसते तेव्हा ती फार जवळ आलेली असते. मोटारसायकलवाल्याला तर कधीकधी दिसतच नाही. ट्रॉलीच्या मागं लाल, बाजूंनी पिवळं आणि पुढं पांढरं रेडियम चिकटवा. दरवर्षी ते धुवा, झिजलं तर बदला. ऊस किंवा कडबा बाहेर लोंबत असेल तर रेडियम झाकलं जातं, म्हणून त्याचा एक तुकडा पाटीवर लावून लोंबत्या टोकाला बांधा. मागचे दिवे चालू करून घ्या, आणि चालू आहेत का हे रोज संध्याकाळी मागं जाऊन बघा. अपघात झालाच तर रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३, हे तिन्ही नंबर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर रंगवून घ्या. घाबरलेल्या माणसाला मोबाईलमध्ये नंबर सापडत नाही.

पंक्चर झालं तर ट्रॉली डांबरावरून पूर्ण खाली घ्या, रिम खराब झाली तरी चालेल. चाकाला लावायला दोन लाकडी ओंडके दोरीनं ट्रॉलीलाच कायम बांधून ठेवा, म्हणजे रस्त्यावरून दगड शोधायची वेळ येणार नाही. आणि दगड लावावे लागलेच, तर टायर बदलून निघताना ते रस्त्यावर सोडून जाऊ नका. पाच-सहा दगड उचलून कडेला टाकायला दोन मिनिटं लागतात. तासाभरानं त्याच अंधारातून आपल्याच गावचा कुणीतरी मोटारसायकलवर घरी येत असतो.